‘मॅडम, पोट टाइट आहे’: बॅरिॲट्रिकच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

स्लीव्हची केस, म्हणजे लठ्ठपणावरची (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रिया: पोटात गॅस भरून, दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग कापून काढायचा. पाऊण तास सगळं सुरळीत चाललेलं असतं. सर्जन जठराच्या वरच्या टोकाला, प्लीहेच्या बाजूला पोचतात आणि पडद्यापलीकडून आवाज येतो, "मॅडम, पोट टाइट आहे. पेशंट लाइट झालाय का?" लाइट म्हणजे भूल उतरत आलेला. आपला, म्हणजे भूलतज्ज्ञाचा, हात आपोआप रॉक्युरोनियमच्या, म्हणजे स्नायू ढिले करणाऱ्या औषधाच्या (रिलॅक्सन्ट), सिरिंजकडे जातो. दहा-वीस मिलिग्रॅम देऊन होतात, आणि दहा मिनिटांनी तीच तक्रार पुन्हा.

बॅरिॲट्रिकची यादी नियमित घेणाऱ्या प्रत्येक भूलतज्ज्ञाने हे वाक्य ऐकलेलं आहे. या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि रिलॅक्सन्टने त्यातली एकच बरी होते. बाकीच्या तिघींसाठी दिलेलं औषध पेशंटच्या अंगात साठून राहतं आणि त्याची वसुली श्वासाची ट्यूब काढताना होते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

पेशंट बाई होत्या. वजन १३२ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ५४. इंडक्शनला (भूल सुरू करताना) ५० मिलिग्रॅम रॉक्युरोनियम दिलं होतं. पोट टाइट असल्याची तक्रार आल्यावर २० दिलं, पुन्हा तक्रार आली, पुन्हा २० दिलं. टीओएफ (नसेला चार झटके देऊन स्नायू किती हलतो ते बघायची चाचणी) दोन्ही वेळा शून्य होता आणि तो मला दिसत होता, तरी मी दिलं, कारण समोरचा माणूस जागा नाही म्हणत होता. शेवटी असिस्टंटच्या लक्षात आलं की रुंद केलेल्या पोर्टच्या (अवजारं आत घालायच्या नळीच्या) कडेने गॅस सुटतोय. तिथे टाका घातला आणि जागा झाली. केस संपली तेव्हा पीटीसी (टीओएफ शून्य असताना ब्लॉक, म्हणजे स्नायूंचा ढिलेपणा, किती खोल आहे ते सांगणारा आकडा) २ होता. चार मिलिग्रॅम प्रतिकिलोने, ब्लॉक उतरवणारं सुगामाडेक्स ५२८ मिलिग्रॅम लागणार होतं आणि कपाटात २०० ची एकच व्हायल होती. अर्धवट डोस देऊन ट्यूब काढण्यापेक्षा मी त्यांना झोपेत ठेवून व्हेंटिलेटरवर राहू दिलं, ब्लॉक आपणहून उतरेपर्यंत. तासाहून जास्त वेळ गेला. त्यांचे यजमान बाहेर दर दहा मिनिटांनी विचारत होते, "अजून का नाही आणलं?" खरं उत्तर असं होतं की गॅस गळत होता आणि मी औषध देत बसले होते.

आधी इन्सफ्लेटर बघा

तेव्हापासून तक्रार आली की माझी नजर पहिल्यांदा सर्जनच्या इन्सफ्लेटरवर (पोटात गॅस भरणाऱ्या यंत्रावर) जाते. त्यावर तीन आकडे असतात: ठरवलेला दाब, पोटातला प्रत्यक्ष दाब आणि गॅसचा प्रवाह. भूल देणाऱ्यांपैकी फार कमी जण ते वाचतात, आणि निम्मं निदान तिथेच असतं.

ठरवलेला दाब १५, प्रत्यक्ष ९ आणि प्रवाह पूर्ण वेगाने चाललेला, असं दिसलं तर गॅस कुठेतरी निसटतोय. पोर्टची झडप, पोर्टची कडा, निघालेली नळी, नाहीतर संपत आलेला सिलिंडर. इथे स्नायूंचा काहीही संबंध नाही.

दाब सुरुवातीपासूनच जास्त आणि प्रवाह जवळजवळ शून्य असेल तर पोर्टची तोटी बंद असते, नळी मुरगळलेली असते, किंवा पोर्टचं टोक पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पडद्याच्या) अलीकडे चरबीतच अडकलेलं असतं. पोटाची भिंत जाड असली की हे जास्त घडतं.

ठरवलेला १५, प्रत्यक्षही १५, प्रवाह शून्य, आणि तरी सर्जनला जागा नाही: ही खरीखुरी कमी जागा. पोट दाबापर्यंत भरलेलं आहे, पण आत मावतंय तेवढंच. कारण बहुतेकदा यकृत असतं. चरबीने फुगलेला डावा लोब थेट सर्जनच्या वाटेत येतो. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात तो याच्यासाठी, आणि पेशंटने तो पाळला की नाही हे प्री-ॲनेस्थेटिक तपासणीतच विचारून ठेवलेलं बरं. दुसरं कारण आपलं स्वतःचं असतं: मास्कने श्वास देताना जठरात ढकललेली हवा. तोंडातून नळी घालून जठर रिकामं करा. पण स्टेपलर चालायच्या आधी ती नळी बाहेर काढा आणि "नळी काढली" असं मोठ्याने सांगा. जठरासोबत नळीही स्टेपल झाल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. तिसरं, पोझिशन. डोकं वर आणि सोबत मांड्या किंचित दुमडलेल्या असल्या की पोटाची भिंत सैल पडते आणि तेवढ्याच दाबात जास्त गॅस मावतो. टेबलाची कळ दाबायला अर्धा मिनिट लागतो आणि अंगात एक थेंबही औषध जात नाही.

आता चौथं चित्र. प्रत्यक्ष दाबाचा आकडा १५ वरून एकदम २०-२२ ला उडी मारून परत येतोय. असिस्टंटचा हात पोटावर टेकलेला नसेल, तर इथे पेशंटचे स्नायू खरोखर आवळताहेत. कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख, बघा. वरच्या सपाट रेषेत छोटीशी खाच पडलेली दिसेल, म्हणजे श्वासपटल हललं. ही आपली तक्रार.

पण इथेही लगेच रिलॅक्सन्ट नको. आधी भूल किती आहे ते बघा. सेवोचा (सेवोफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीचा) व्हेपोरायझर रिकामा झालाय का, प्रोपोफॉलचा पंप थांबलाय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातावरची कॅन्युला शिरेतच आहे का. जाड हातावर औषध शिरेबाहेर जाऊ लागलं तरी सूज लवकर दिसत नाही. ड्रेपखाली हात घालून दंडापर्यंत चाचपून बघा. मी एकदा असा थंडगार, टणक झालेला हात पाहिला आहे. तोपर्यंतचे सगळे टॉप-अप चरबीत जाऊन बसले होते. आणखी भीती ही की ते नंतर सावकाश रक्तात उतरतात, म्हणजे आत्ता पेशंट लाइट आणि रिकव्हरीत लुळा.

बूजी (जठर कापताना माप म्हणून आत ठेवायची जाड नळी) घालण्याचा क्षणही लक्षात ठेवा. ३६ फ्रेंचची बूजी घशातून जाते तेव्हाच नेमका खोकला येतो. बूजीआधी दोन मिनिटं भूल थोडी गडद करून ठेवली की निम्मे प्रसंग टळतात.

अंगठा शांत, श्वासपटल जागं

"पण टीओएफ शून्य आहे, मग पेशंट हलला कसा?" हा प्रश्न दर बॅचचे रेसिडेंट विचारतात आणि तो अगदी रास्त आहे.

टीओएफमध्ये आपण मनगटाजवळ अल्नर नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके देतो आणि अंगठ्याची हालचाल मोजतो. श्वासपटल अंगठ्यापेक्षा बरंच हट्टी असतं. तेवढाच ब्लॉक यायला त्याला साधारण दीड ते दोन पट औषध लागतं, आणि तो उतरतोही आधी. पोटाच्या भिंतीचे स्नायू आणि स्वरयंत्र यांचंही थोडंफार तसंच. म्हणून अंगठा एकदाही हलत नसताना पेशंट उचकी देऊ शकतो, खोकू शकतो. टीओएफ शून्य म्हणजे खोल ब्लॉक, हे समीकरण चुकीचं आहे.

शून्याच्या खाली किती खोल आहोत ते पीटीसी सांगतो. ५० हर्ट्झचा टिटॅनस (सलग वेगवान झटके) पाच सेकंद, मग तीन सेकंद थांबा, मग सेकंदाला एक याप्रमाणे झटके. त्यातले किती उमटले ती संख्या म्हणजे पीटीसी. १ ते २ म्हणजे चांगला खोल ब्लॉक. १०च्या आसपास गेला की टीओएफचा पहिला झटका आता येईल असं समजायचं. शून्य म्हणजे पूर्ण, आणि त्याहून जास्त औषध देऊन काहीही मिळत नाही. पीटीसी शून्य असताना सर्जन पोट टाइट म्हणत असतील तर मी सिरिंज खाली ठेवते आणि शांतपणे सांगते, "सर, रिलॅक्सेशन पूर्ण आहे. प्लीज गॅस बघा." सुरुवातीला हे म्हणायला धीर लागतो. मॉनिटरचा आकडा हाताशी असला की तो येतो. एक काळजी: पीटीसी लागोपाठ करू नका, पाच-सहा मिनिटं जाऊ द्या, कारण टिटॅनसनंतर काही वेळ सगळेच झटके आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात.

मॉनिटरच फसवत असेल तर

मशीन आहे पण विश्वास नाही, ही तक्रार मी खूप ऐकते. बहुतेक वेळा दोष लावण्यात असतो. मनगटावर चरबी जास्त असली की झटका नसेपर्यंत पोचत नाही आणि मशीन शून्य दाखवतं. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या, इलेक्ट्रोड अल्नर नसेच्या रेषेत लावा, काळा म्हणजे निगेटिव्ह तळहाताच्या बाजूला. झोप लागल्यावर पण रिलॅक्सन्ट द्यायच्या आधी कॅलिब्रेट करा. हे मिनिटभराचं काम घाईत राहून जातं आणि मग पुढचे दोन तास सगळे आकडे संशयास्पद. बीपीचा कफ दुसऱ्या हाताला लावा. हात उबदार ठेवा, कारण थंड हातावर आकडे खाली येतात. अंगठा ड्रेपखाली दाबला गेला तर हलणार कसा? मी हाताच्या पाटावर एक छोटी कमान लावून ड्रेप वर उचलून घेते.

हात मिळत नाही म्हणून काही जण भुवईवर इलेक्ट्रोड लावतात. भुवई आक्रसणारा स्नायू श्वासपटलासारखा वागतो, म्हणून केस चालू असताना तो आकडा कामाचाही असतो. पण त्याच आकड्यावर ट्यूब काढू नका. भुवई अंगठ्याच्या आधी मोकळी होते, घसा त्या वेळी अजून ढिलाच असतो. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलं आहे: अंगठ्यावर मोजा, डोळ्याभोवतीच्या स्नायूंवर नको, आणि रेशो (टीओएफचा चौथा झटका भागिले पहिला) ०.९ होईपर्यंत ट्यूब काढू नका.

डोस कुठल्या वजनावर

रॉक्युरोनियम पाण्यात विरघळणारं औषध आहे, चरबीत फारसं जात नाही. म्हणून डोस आदर्श वजनावर काढायचा. वर सांगितलेल्या बाईंची उंची १५६, त्यातून १०५ वजा केले की ५१ किलो. ०.६ ने ३० मिलिग्रॅम, १ ने ५१. प्रत्यक्ष वजनावर ०.६ ने काढलं असतं तर ७९ झाले असते. प्रत्यक्ष वजनावर दिलेला डोस दुपटीहून जास्त वेळ टिकतो. पण याची दुसरी बाजूही मनात ठेवा: आदर्श वजनावर दिलेला ०.६ चा डोस वीस-पंचवीस मिनिटांतच उतरायला लागतो. म्हणजे तिसाव्या मिनिटाला पेशंट लाइट होणं हे अचानक आलेलं संकट नसतं, ते आपल्याला आधीच दिसायला हवं. मी आता बोलसच्या (एकदम द्यायच्या डोसच्या) मागे धावत नाही. ताशी ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो, आदर्श वजनावर, इन्फ्युजन लावते आणि पीटीसी बघून वर-खाली करते. सेवोवर कमी लागतं, नुसत्या प्रोपोफॉलवर जास्त. दुखण्यासाठी मॅग्नेशियम चालू असेल तर आणखी कमी करा.

सक्सिनिलकोलीन (आणखी एक रिलॅक्सन्ट) मात्र प्रत्यक्ष वजनावर. हा फरक इतक्या वेळा चुकतो की मी तो इंडक्शनच्या ट्रेवर लिहूनच ठेवते.

औषधाला ताकदच नाही अशी शंका आली तर फ्रीज तपासा. रॉक्युरोनियम आणि ॲट्राक्युरियम (दुसरं रिलॅक्सन्ट) दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं. ॲट्राक्युरियम २५ अंशांवर महिन्याला पाच टक्के ताकद गमावतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ओटीच्या कपाटात २५ अंश कुठले? बाहेर काढलेल्या व्हायलवर तारीख लिहायची सवय सिस्टरांनी लावली तर अर्धी कोडी सुटतात. ॲट्राक्युरियम एकदा बाहेर काढलं की चौदा दिवसांत वापरायचं, परत फ्रीजमध्ये ठेवलं तरीही.

सर्वांना खोल ब्लॉक द्यावा का

यावर माझं मत बदलत गेलं आहे. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सर्जनच्या समाधानासाठी १ ते ५ गुणांची मोजपट्टी तयार झाली आणि तिथे खोल ब्लॉकला जास्त गुण मिळाले. २०१६ साली नेदरलँड्समध्येच गॅस्ट्रिक बायपासच्या पेशंटमध्ये खोल ब्लॉकचा फायदा दिसला, दुखणंही कमी होतं. २०१७ साली बेल्जियममध्ये बॅरिॲट्रिकच्याच पेशंटवर अभ्यास झाला तेव्हा मध्यम आणि खोल यांत फरक सापडला नाही. माझ्या टेबलावरचा अनुभव दोघांच्या मधला आहे. काही पोटं पीटीसी १ ला गेल्यावर खरंच उघडतात आणि सर्जनचा आवाजच बदलतो. काही पोटं मुळातच ताणलेली असतात, त्यांना काही फरक पडत नाही. म्हणून मी सर्वांना मध्यम ब्लॉकने सुरुवात करते. जठराचा वरचा भाग, स्टेपलर आणि बूजी या टप्प्यांसाठी खोल नेते, आणि सुगामाडेक्स पुरेसं आहे याची खात्री केल्यावरच नेते. ते नसेल तर खोल ब्लॉकच्या वाटेला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

शेवटची वीस मिनिटं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जठर बाहेर काढलेलं असतं, गॅस सोडलेला असतो, रुंद पोर्टचा फॅशिया (पोटाच्या भिंतीचा मजबूत थर) शिवायचा राहिलेला असतो, आणि पुन्हा हाक येते, "थोडं रिलॅक्सेशन द्या." इथे रॉक्युरोनियम देऊ नका. प्रोपोफॉल ३० ते ५० मिलिग्रॅम द्या, बीपीवर डोळा ठेवून. त्या दोन टाक्यांना तेवढं पुरतं. आणि दर वेळी शेवटचं स्टेपलर लागलं की विचारा, "सर, अजून किती वेळ?" सर्जनच्या उत्तरात दहा मिनिटं मिळवा आणि इन्फ्युजन बंद करायची वेळ ठरवा.

याच गडबडीत आणखी एक फसगत होते. रॉक्युरोनियम संपलेलं असतं म्हणून कुणीतरी शेवटचा टॉप-अप ॲट्राक्युरियमचा देतं. सुगामाडेक्स फक्त रॉक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमला पकडतं. ॲट्राक्युरियमवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सुगामाडेक्स देऊनही रेशो वर येत नसेल तर आधी ॲनेस्थेसिया चार्टवर औषधांची नावं वाचा.

रिव्हर्सल, म्हणजे ब्लॉक उतरवणं, आकड्यावर ठरवा. पीटीसी १-२ असेल तर सुगामाडेक्स ४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, टीओएफचे दोन झटके आले असतील तर २, दोन्ही प्रत्यक्ष वजनावर. कमी वजन धरून डोस वाचवण्याचे प्रयोग झालेत, पण रेशो सतत मोजत राहणार नसाल तर तो धोका घेऊ नका, ब्लॉक परत फिरू शकतो. निओस्टिग्मिनच (ब्लॉक उतरवणारं दुसरं औषध) असेल तर चारही झटके परत येऊन रेशो ०.४च्या वर जाईपर्यंत थांबा. त्याला मर्यादा आहे: ५ मिलिग्रॅमच्या पुढे ढकलून उपयोग नाही आणि खोल ब्लॉक ते उतरवूच शकत नाही. नुसत्या डोळ्याने किंवा बोटाने बघून रेशो ०.४च्या वर गेला की चौथा झटका कमी आहे हे कुणालाच कळत नाही, कितीही वर्षांचा अनुभव असो. पाच सेकंद डोकं उचललं म्हणून निर्धास्त होऊ नका, बराच ब्लॉक शिल्लक असतानाही माणूस डोकं उचलतो.

या पेशंटमध्ये ०.९चा इतका आग्रह का, ते घसा सांगतो. बहुतेकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आधीपासून असतो. फुप्फुसात शिल्लक हवा कमी असते, ऑक्सिजन मिनिटाभरात खाली येतो. त्यात रेशो ०.७च्या आसपास असेल तर घशाचे स्नायू ढिले असतात आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर श्वास वाढवायची शरीराची प्रतिक्रियाही मंदावलेली असते. रिकव्हरीत पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी तडफड, तुटक हालचाली, डोळ्यांत भीती, आणि सिस्टर म्हणते, "मॅडम, पेशंट ऐकत नाहीये." तो ऐकत असतो, त्याला हलता येत नसतं. अशा वेळी झोपेचं औषध देऊ नका. पाठ उंच करा, सीपीएपी (दाबाने हवा देणारा मास्क) लावा, अंगठ्यावर टीओएफ लावा, उरलेला ब्लॉक उतरवा. आणि त्याचा हात धरून सांगा की काय होतंय आणि दोन मिनिटांत बरं वाटेल. तो सगळं ऐकत असतो.

वॉर्डात पाठवताना आम्ही फाइलवर दोन ओळी लाल शाईने लिहितो. पहिली: सुगामाडेक्स दिलं, किती आणि किती वाजता. रक्तस्रावासाठी पेशंटला रात्री परत घ्यावं लागलं तर ड्यूटीवरच्या भूलतज्ज्ञाला कळायला हवं की रॉक्युरोनियमवर भरवसा नको, ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम घ्या. दुसरी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींसाठी: सुगामाडेक्सने एक गोळी चुकल्यासारखा परिणाम होतो, पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरा. वजन कमी होऊ लागलं की गर्भधारणेची शक्यता वाढते आणि ऑपरेशननंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू नये असं आपणच सांगितलेलं असतं, म्हणून ही ओळ मी मुलीला शुद्धीवर आल्यावर स्वतः वाचून दाखवते, आणि तिची हरकत नसेल तर सोबत आलेल्या आईला किंवा नवऱ्यालाही.